क्रुसाची पूर्वेकडची बाजू

१

तुम्हाला सगळं दिसत होतं. दिसलं नाही असं आता म्हणू नका. जुलैचा शेवटचा रविवार होता, लख्ख ऊन होतं आणि तुम्ही पन्नास-साठ जण शेतकरी टार्पीच्या कुरणाभोवतीच्या दगडी गडग्याला रेलून उभे होतात. बायकांनी डोक्याला रुमाल बांधले होते. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या, म्हणजे चाललंय ते साधं नाही हेही तुम्हाला कळत होतं. एकोणीस वर्षांची मुलगी तुमच्यासमोर एका दगडाला मिठी मारत होती आणि तुमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही की पुरे झालं, पोरीला घरी जाऊ द्या. मग तुम्ही आपापल्या घरी गेलात आणि जेवणाचे बटाटे उकडलेत.

तुमच्यातले बहुतेक आता मेलेत. ज्यांना विचारायचं तेच उरले नाहीत, म्हणून मी दगडापासून सुरुवात केली.

आमच्या किलव्हारा गावाच्या वर, टार्पीच्या कुरणात तो उभा आहे. आठशे-नऊशे वर्षांचा दगडी क्रूस, दोन माणसांएवढा उंच, डोक्याभोवती दगडाचंच कडं. खांबावर कधीकाळी संतांची रांग कोरली होती म्हणतात. आता कणकेच्या गोळ्यांसारखे उंचवटे उरलेत. नाक नाही, डोळे नाहीत, हात कुठे संपतात तेही कळत नाही.

गावाची रीत अशी होती. कुणाच्या शब्दावर संशय आला की त्या माणसाने क्रुसाला तीन फेऱ्या घालायच्या, पश्चिमेच्या बाजूला उभं राहून आपलं म्हणणं मोठ्याने बोलायचं आणि खांबाला मिठी मारायची. पलीकडे, पूर्वेच्या बाजूला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना मिळाली तर शब्द खरा. मिठी मारणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, म्हणून तिथे एक साक्षीदार उभा करायचे. तो घरचाच हवा, म्हणजे नंतर तक्रारीला जागा नको. त्याने एवढंच सांगायचं: मिळाली, किंवा नाही मिळाली.

सत्तावन्न सालच्या त्या रविवारी मिठी मारणारी मुलगी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण, डेलिया. तिला दिवस गेले होते आणि तिने एका माणसाचं नाव घेतलं होतं. त्याने हात झटकले होते. पलीकडे उभे होते माझे आजोबा, मालाकी, तेव्हा एकवीस वर्षांचे.

“नाही मिळाली,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात तिला नेलं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना जिथे नेऊन कोंडत, त्या नन्सच्या आश्रमात. दोन हिवाळ्यांनी ती तिथेच मेली. बाळाचं काय झालं त्याचा कागद नाही. तिला कुठे पुरलं त्याचाही नाही. मी बावीस वर्षांची आहे, म्हणजे ती कधी झालीच नाही एवढी मोठी.

२

हे मला आजीने सांगितलं, मार्च महिन्यात, शेवटच्या आजारात. ती आणि डेलिया शाळेत एका बाकावर बसायच्या. “माझं नाव दगडावर कोराल तेव्हा खाली तिचंही कोरा,” ती म्हणाली. “जागा कमी पडली तर माझी अक्षरं लहान करा.” त्यानंतर ती चार दिवस होती, आणि चारही दिवस तिने मला हेच पुन्हा सांगितलं.

सप्टेंबरात कबरीवर अक्षरं घालायला पाथरवट येणार असं ठरलं. कबर आजोबांच्या नावावर. त्यांची सही नसेल तर एक रेघही मारायची नाही.

सोमवारी संध्याकाळी आई टेबलावर पाव कापत होती. आजोबा टिनाच्या मगातून चहा पीत होते, तो मग दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून धरलेला. आमच्या घरात त्यांच्या हाती चिनी मातीचं काही देत नाहीत. निसटतं. म्हातारपणामुळे नाही, लग्न झालं तेव्हापासून असंच. आजी म्हणायची, ह्याच्या बोटांना जन्माचं लोणी लागलंय.

“शुक्रवारी फेस्टस येतोय,” आई म्हणाली. “काय कोरायचं ते त्याला लिहून द्यायला हवं.”

मी लिहून ठेवलेला कागद पुढे सरकवला. आजोबांनी तो मगाखाली येऊ नये म्हणून कोपराने बाजूला घेतला आणि वाचला.

“दुसरं नाव काढ.”

“का?”

“काढ म्हणतो ना.”

“आजीची इच्छा होती.”

“तुझी आजी गडग्याबाहेर उभी होती. पलीकडे मी होतो.”

“मग सांगा की, काय दिसलं?”

“सांगितलं तेव्हाच. सगळ्या गावासमोर.”

“सोर्खा, चहा तरी पिऊ दे त्यांना,” आई म्हणाली.

“सदुसष्ट वर्षं निवांत पिताहेत.”

“जीभ आवर. कॉलेजात हेच शिकवलं का?”

कॉलेजात मला जमिनीची मोजणी शिकवली. तीन वर्षं. त्यामुळे माझ्याकडे चांगली टेप आहे, आणि जे मोजता येतं त्याबद्दल कुणी डोळे मिटून बोललं की मला राग येतो.

“त्या खांबाचा घेर मी मोजून आणते,” मी म्हणाले. “कुठल्याही बाईचे हात त्याला पुरणार नाहीत हे तुम्हाला आकड्यात दाखवते. मग ही परीक्षा नव्हती, सापळा होता, हे तरी कबूल कराल?”

“काहींची मिळायची,” आजोबा म्हणाले.

“कशी?”

त्यांनी चहाचा मग खाली ठेवला. तो टेबलावर किंचित घसरला आणि थांबला.

“मोजायचं तर मोज,” ते म्हणाले. “हात घालू नकोस.”

३

अर्थातच मी हात घातला.

मंगळवारी दुपारी गेले. आभाळ तीन दिवस करड्या घोंगडीसारखं पसरलेलं होतं. टार्पीच्या गाई कुरणाच्या खालच्या टोकाला एकत्र उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं गडग्याकडे. छातीच्या उंचीवर टेप फिरवली: एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. माझे दोन्ही हात पूर्ण पसरले तर एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत एकशे पासष्ट. सतरा सेंटिमीटर कमी. डेलिया माझ्याहून बुटकी होती, आजीने सांगितलं होतं. झालं. निकाल लागला. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

पण कागदावरचा आकडा आणि स्वतःच्या अंगाला आलेला अनुभव यात फरक असतो. तिला कसं वाटलं असेल ते मला हवं होतं. मी पश्चिमेच्या बाजूला उभी राहिले, गाल दगडाला लावला आणि हात टाकले.

माझ्या बाजूचा दगड इतका थंड होता की दात शिवशिवले. दोन्ही कडांवरून माझी बोटं पलीकडे वळली आणि तिथे, ज्या बाजूला तीन दिवसांत ऊन पडलेलं नव्हतं, दगड कोमट होता. नुकतीच कुणी उठून गेलेली खुर्ची असते तसा.

मी हात काढले. पलीकडे जाऊन तळवा लावून पाहिला. थंड. अर्थात थंड. गार पडलेल्या बोटांना कमी गार दगडही कोमट वाटतो, यात काही नवल नाही.

आकडे टिपायला फोन काढला. फोनने माझं बोट ओळखलं नाही. पुसून पाहिलं, दुसरं लावलं. तेही नाही. ओल असेल, खरखरीत दगडावर घासलं गेलं असेल. पिन टाकून फोन उघडला आणि लिहिलं: १८२.

घरी आल्यावर, कोरड्या आणि गरम हातांनीही, तेच.

४

बुधवारी फेस्टस कबरीचा दगड बघायला आला. चाळीस वर्षं पाथरवटाचं काम केलेला माणूस, भुवयांतसुद्धा दगडाची भुकटी. परतताना त्याची गाडी टार्पीच्या फाटकावरूनच जाते, म्हणून मी त्याला क्रुसाकडे चला म्हटलं.

“का गं? विकायचा आहे का?”

“तुमचं मत हवंय.”

“माझं मत फुकट मिळत नाही. चहा पाजावा लागतो.”

“पाजते. चला.”

गडगा ओलांडताना त्याने मोठ्याने कण्हून घेतलं. मग क्रुसाभोवती फिरला, खिशातून चष्मा काढून पुन्हा फिरला. पश्चिमेच्या बाजूवर हात फिरवून म्हणाला, “हे बघ, इकडून पाऊस येतो, समुद्राकडून. सगळं खाऊन टाकलंय. हात लाव. कसं लागतं?”

“खरखरीत.”

“पाऊस दगडाला खरखरीत करतो. वारा खरखरीत करतो. थंडीने तर टवके उडतात.” तो पूर्वेच्या बाजूला गेला आणि छातीच्या उंचीवर बोट ठेवलं. “आणि आता इथे.”

तिथे वीतभर रुंद एक पट्टा होता, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. काल तळवा लावताना मला तो कसा कळला नाही, कोण जाणे.

“हे पावसाचं काम नाही,” फेस्टस म्हणाला. “गुळगुळीत फक्त हात करतात. चर्चमधल्या पुतळ्यांचे पाय बघ, माणसं हात लावून लावून चकचकीत करतात.”

“म्हणजे मिठी मारणाऱ्यांच्या बोटांनी झालं हे. आठशे वर्षांत.”

“बोटं कुठपर्यंत येतात?”

मी कडेपासून थोडं आत दाखवलं.

“मग गुळगुळीत तिथे हवं ना, पोरी? कडांपाशी. हे मधोमध आहे. नेमकं जिथे कुणाचंच बोट पोचत नाही तिथे.”

“पूर्वीची माणसं उंच असतील.”

“पूर्वीची माणसं बटाट्याच्या पोत्याएवढी होती. माझा आजा स्टुलावर चढून घोड्यावर बसायचा.” तो हसला, पण हात त्याने खिशात घातले. “कुणा शहाण्याने हौसेने घासलं असेल. लोकांना उद्योग नसतात. चल, चहाचं काय झालं?”

गाडीत बसताना त्याने विचारलं, “शुक्रवारी नावं किती? एक की दोन?”

“दोन.”

“तुझे आजोबा एक म्हणाले.”

“शुक्रवारपर्यंत दोन म्हणतील,” मी म्हणाले.

५

गुरुवारी सकाळी मी निळा खडू घेऊन गेले. मला त्या गुळगुळीत पट्ट्याचा आणि फेस्टसच्या बोलण्याचा राग आला होता. बोटं नेमकी कुठे टेकतात ते दगडावर उमटवायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि विषय संपवायचा. बोटांच्या टोकांना खडू चोळला, फक्त टोकांना, नखांच्या खालच्या बाजूने. मिठी मारली.

दगडाला कान लावला की आतून आवाज आल्यासारखा वाटतो. शंखात येतो तसा. तो आपल्याच रक्ताचा असतो, शाळेत शिकवतात. मी श्वास रोखला. आवाज थांबला नाही. तोही बरोबर आहे, श्वास रोखला म्हणून रक्त थांबत नाही. मी सोडला. तेव्हा पलीकडे श्वास रोखला गेला.

मी हे जसं झालं तसं लिहिते आहे. कदाचित वारा पडला असेल.

मग कुणीतरी माझी बोटं धरली. जोराने नाही. गावच्या नाचात साखळी करताना समोरून आलेला जोडीदार बोटांच्या टोकांना धरतो आणि पुढे सोडतो, तेवढंच. फक्त सोडली नाहीत. दोन्ही हातांची, एकाच वेळी, मधल्या जागेतून. माझे खांदे दगडाकडे हळूच ओढले गेले आणि हाडांत कुठेतरी मला कळलं की आणखी थोडं ओढलं तरी दुखणार नाही.

मी अंग मागे झोकलं. कोपर सोलवटलं. गवतावर बसूनच मी ओरडले, “कोण आहे तिकडे? पुढे या की!”

गाई सुद्धा हलल्या नाहीत.

मी उठून पलीकडे गेले. हो, गेले. कारण गेले नसते तर मी त्या गडग्याला रेलून उभ्या असलेल्यांपैकीच एक झाले असते. पूर्वेच्या बाजूला कुणी नव्हतं. गवत दबलेलं नव्हतं. दोन्ही कडांपाशी तीन-तीन निळे ठिपके होते, माझ्या बोटांचे. मधला पट्टा स्वच्छ. मी टेप लावली. सतरा सेंटिमीटर.

ठिपक्यांकडे नीट पाहिलं. बोटाच्या ठशात रेषा असतात. यांच्यात नव्हत्या.

मग हाताकडे पाहिलं. खडू टोकांना लावला होता. आता तो माझ्या नखांवर होता, बोटांच्या पाठीवर होता, दुसऱ्या पेरापर्यंत. ज्याने धरलं त्याने आधी टोकांना हात लावला असेल आणि मग घट्ट वरून धरलं असेल, तर खडू असाच लागेल. किंवा पडताना मी हातावर हात घासला असेन. मी दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या. दुसरीच्या पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

६

आजोबा स्वयंपाकघरात एकटेच होते. मी काही बोलण्याआधी त्यांनी माझा हात टेबलावर ओढून घेतला, उलटा केला आणि बोटं बघितली. मग आपला हात शेजारी ठेवला, तळवा वर. मी त्यांचे हात जन्मभर बघत आले होते, पण असे कधी बघितले नव्हते. तळव्याला रेषा होत्या, भेगा होत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांची शेती होती. बोटांची टोकं मात्र नदीतल्या गोट्यांसारखी होती.

“किती वेळा घातलास?”

“दोनदा.”

“मी एकदाही नाही घातला,” ते म्हणाले. “मी फक्त सोडवायला गेलो होतो.”

“काय सोडवायला?”

“टोपी दे माझी.”

मी त्यांना गाडीने फाटकापर्यंत नेलं. भुरभुर सुरू झाली होती. गडग्यावरून त्यांना उतरवताना ते माझ्या खांद्याला धरत नव्हते, कोपर अडकवत होते. क्रुसापासून दहा पावलांवर ते थांबले.

“तिची बोटं मिळाली नव्हती,” ते म्हणाले. “हे मी खरं सांगितलं. एवढं अंतर होतं मध्ये.” त्यांनी वीत दाखवली. “आणि मग ते अंतर राहिलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? मध्ये हात होते. तिचे नव्हते. तिची बोटं धरली होती त्यांनी, घट्ट, आपलं माणूस गर्दीत हरवू नये म्हणून धरतात तशी. आणि ती पलीकडून रडत नव्हती गं. हसली. मला ऐकू आलं. मी धावलो आणि ती बोटं उपटायला लागलो. सगळे विचारताहेत, मालाकी, मिळाली का, मालाकी, सांग. मी म्हणालो, नाही.”

“म्हणजे दगडाने तिचा शब्द खरा केला होता.”

“दगडाने काय केलं मला माहीत नाही. तिची तिला मिळाली नव्हती. मी खोटं बोललो नाही.”

“अर्धं बोललात!” मी ओरडले. मला भीती वाटत होती, पण राग तिच्या आधी पोचला. “अर्धं बोललात आणि उरलेल्या अर्ध्यात तिला नेलं. तुम्हाला काय दिसलं याची तुम्हाला भीती वाटली म्हणून! तिला वाटली नव्हती. ती हसली होती.”

“तू तिथे असतीस तर?”

“मी इथे आहे. आता बोला. उरलेलं अर्धं.”

मला वाटलं ते परत फिरतील. त्यांनी टोपी काढली. ती खिशात घालताना दोनदा निसटली. मग क्रुसाला तीन फेऱ्या घातल्या, काठीशिवाय, हळूहळू, आणि पश्चिमेला थांबले.

“साक्षीदार घरचा हवा,” ते म्हणाले. “जा पलीकडे.”

मी गेले. तिथून मला ते दिसत नव्हते. ओला दगड दिसत होता, मधला पट्टा पाण्याने चकाकत होता.

“डेलिया खरं बोलत होती,” आजोबांचा आवाज आला. मोठा, गडग्यापर्यंत जाईल असा. “मला दिसलं होतं, आणि मी नाही म्हणालो.”

दोन्ही कडांवरून त्यांची बोटं आली. म्हाताऱ्या खांद्यांनी जेमतेम कडा ओलांडली. मध्ये फूटभर अंतर. बोटं थरथरत होती आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिले, मधे बघायचं नाही असं ठरवून. पण मी मोजणी शिकलेली आहे. अंतराकडे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

पाऊस दगडावर पडत होता. मधल्या पट्ट्यावर पडत नव्हता. म्हणजे पडत असेल, पण तिथे दगड सुकत चालला होता, दोन अरुंद जागी, मधून निघून कडांकडे. एखाद्या वस्तूच्या खाली जमीन कोरडी राहते तसा. आजोबांची बोटं एकदम थरथरायची थांबली. त्यांची टोकं दबली आणि पांढरी झाली. त्यांच्यावर, एका क्षणापुरतं, पावसाचं पाणी हवेत अडून एका वळणावरून ओघळलं, आणि ते वळण मुठीच्या हाडांचं होतं. लहान मुठीच्या.

मी पाहिलं ते एवढंच.

“मिळाली का?” आजोबांनी विचारलं. आवाज लहान मुलाचा झाला होता. “सोर्खा, मिळाली का?”

“नाही” हा किती सोपा शब्द आहे ते मला त्या क्षणी समजलं. तो म्हटला की माणूस आपल्या घरी जाऊन बटाटे उकडू शकतो.

“मिळाली,” मी म्हणाले. मग गडग्याकडे तोंड केलं, जिथे कुणीही उभं नव्हतं, आणि घसा फाटेपर्यंत ओरडले, “मिळाली! ऐकलंत का? मिळाली!”

गडग्याच्या बाजूने, लांबीभर, पन्नास-साठ माणसांनी रोखलेला श्वास सोडावा तसा आवाज आला. गवतात वारा असेल. मला तो वारा असला तरी चालेल.

पण बोटं सुटली नव्हती. आजोबा हुंदके देत होते आणि त्यांची बोटं होती तशीच होती. मी पुढे झाले. उपटायला नाही. मी माझे दोन्ही हात त्या कोरड्या जागेवर ठेवले. कोमट होतं.

“त्यांनी सांगितलं,” मी म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगितलं. आता सोड, डेलिया.”

ती डेलिया होती की नाही, मला माहीत नाही. ते हात तिच्या आधीपासून तिथे असतील. पण मला दुसरं नाव येत नव्हतं, आणि कुणाला तरी त्या नावाने हाक मारायची वेळ कधीच टळून गेली होती.

दगड माझ्या तळव्याखाली थंड होत गेला.

७

शुक्रवारी कबरस्तानात ऊन होतं. फेस्टसने कागद वाचला, आजोबांकडे पाहिलं. “दोन?”

“दोन,” आजोबा म्हणाले. “आणि दोन्हींची अक्षरं सारखी.”

दुपारपर्यंत छिन्नी वाजत राहिली. वर आजीचं नाव, फिलोमिना. खाली डेलिया, १९३८–१९५९. आई पावाचे तुकडे आणि चहाची बाटली घेऊन आली, दोन्ही नावं वाचली आणि डोळे पुसून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आमच्याकडे शाबासकी अशीच देतात.

मी आईला सांगितलं की आजीने मला आणखी पाच नावं दिली होती. पाच मुली, किलव्हाराच्याच, त्याच क्रुसापाशी उभ्या केलेल्या. त्यांच्या घरची माणसं मी शोधणार आहे. ज्यांच्या घरी कुणी उरलं नसेल त्यांची साक्षीदार मी होईन.

“तुझ्या बोटांचं काय?” आईने हळूच विचारलं.

“फोनला पिन आहे,” मी म्हणाले.

काम झाल्यावर आजोबा खाली वाकले. दगडावर पांढरी भुकटी पसरली होती. त्यांनी डेलियाच्या नावाखाली चार बोटं टेकवली आणि जरा वेळ तशीच ठेवली. मीही शेजारी टेकवली. मग आई त्यांना हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली.

फेस्टस ब्रशने भुकटी झाडायला आला आणि थांबला. भुकटीत आठ ठसे होते, चार त्यांचे, चार माझे. आठही कोरे. त्याने आपलं बोट शेजारी दाबलं. चाळीस वर्षं छिन्नी धरलेलं ते बोट, तरी त्याच्या ठशात एकूण एक रेषा उमटली.

“दगडामुळे झालंय,” मी म्हणाले. “क्रुसाला घासून.”

फेस्टसने माझा हात उजेडात धरला आणि अंगठ्याने माझ्या बोटांची टोकं एकेक करून चाचपली.

“छे गं, पोरी,” तो म्हणाला. “दगडाने बोटं खरखरीत होतात. अशी गुळगुळीत व्हायला कुणीतरी फार वर्षं हातात धरून ठेवावी लागतात.”